बेताचं डोपामिन

व्हायवाच्या टेबलामागे परीक्षक म्हणून बसलं की माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग बंद पडताना समोरासमोर पाहायला मिळतो. माझी सगळी नोकरी सरकारी मेडिकल कॉलेजांत फिजिऑलॉजी शिकवण्यात गेली. परीक्षांच्या हंगामात हे दृश्य रोजचंच. एखादी मुलगी बाहेर कॉरिडॉरमध्ये चौघींना गोळा करून हृदयाचं अख्खं चक्र समजावून सांगत असते, तिचा ठणठणीत आवाज आम्हाला आतपर्यंत येत असतो. तीच आत येते, खुर्चीच्या कडेवर टेकते आणि "हृदयाचा पहिला ठोका कशाचा?" एवढं विचारलं की रुमाल शोधायला लागते. झडपा बंद झाल्याचा तो आवाज, हे तिला पाठ आहे. पण प्रश्न कानावर पडल्यापासून उत्तर ओठांवर येईपर्यंत दोन्ही एकत्र धरून ठेवायची जी जागा असते, ती त्या क्षणी हात वर करून मोकळी झालेली असते.

अशा वेळी मी प्रश्न बाजूला ठेवायचे. "बरं, या मामांचं बीपी घे बघू." आमचे लॅब अटेंडंट मामा सवयीनं बाही वर सारायचे. आणि मग गंमत व्हायची. कफ गुंडाळला, नाडी चाचपली, स्टेथोस्कोप कानात, पारा सरसर वर आणि अगदी मापात खाली. बोटं कुठेही अडखळायची नाहीत. आकडा सांगून झाला की चेहऱ्यावर जरा रंग यायचा आणि पुष्कळदा झडपाही आठवायच्या.

जीभ अडली आणि हात चालू राहिले, एकाच डोक्यात, एकाच मिनिटात. याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही, पण त्यातला मोठा वाटा डोपामिनचा आहे, आणि तोही डोपामिन कमी पडल्याचा नव्हे, फार झाल्याचा.

हे ऐकून लोक दचकतात. कारण हल्ली डोपामिन सगळ्यांच्या तोंडी आहे ते आनंदाचं रसायन म्हणून. रील पाहिली की डोपामिन, सेलमध्ये कुर्ता मिळाला की डोपामिन. आमच्या सोसायटीतल्या एका तरुणानं रविवारी फोन कपाटात ठेवून डोपामिनचा उपास धरला होता. फोन कपाटात ठेवला हे उत्तमच झालं, पण डोपामिनला एकादशी ठाऊक नाही. डाळी-दुधातून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेंदू ते रात्रंदिवस बनवत असतो, आणि ते खरंच थांबलं तर उपास सोडायला उठताही येणार नाही.

माझी तक्रार तेवढ्यापुरती नाही. 'जितकं जास्त तितकी मजा' आणि 'जितकं कमी तितकं शहाणपण' हे दोन्ही हिशेब कपाळामागच्या मेंदूला लागूच पडत नाहीत. तिथे डोपामिनचं काम निराळं आहे. कोणती गोष्ट मनात टिकवायची आणि कोणती विरू द्यायची, याची निवड धारदार करणं हे ते काम, आणि त्यासाठी लागतं बेताचं डोपामिन.

डोपामिन थांबलं की उठता न येण्याची गोष्ट सशांवरून कळली, आणि तिची सुरुवात काही अंशी आपल्या परळमधून होते. सर्पगंधा आपले वैद्य पिढ्यान् पिढ्या झोपेसाठी आणि भ्रमिष्टपणावर देत आले होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, आणि या मुळीकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. औषध जगभर गेलं. रक्तदाब उतरायचा, वेड्यांच्या इस्पितळातले खवळलेले रुग्ण शांत व्हायचे, पण काही जण मंदावायचे, उदास व्हायचे.

स्वीडनमध्ये लुंडला आर्विड कार्लसन या फार्माकॉलॉजिस्टनं सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून, डोळे अर्धवट मिटून जागच्या जागी बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो कच्चा माल. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. ही १९५७ ची गोष्ट. तोपर्यंत डोपामिन म्हणजे नॉरअॅड्रिनॅलिन तयार होण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, इतकीच त्याची पत होती. कार्लसन यांनी दाखवलं की मेंदूत त्याचं स्वतःचं काम आहे. त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. (हेच एल-डोपा १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळं केलं होतं. कोकणातल्या पोरांना खाजकुइली ठाऊक असते ती अर्थात दुसऱ्याच कारणासाठी.)

पण या सगळ्या संशोधनात नजर होती मेंदूच्या पोटातल्या स्ट्रायटम नावाच्या भागावर, हालचालींवर. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं नाव कुठेच नव्हतं. तिथे जे किंचित डोपामिन सापडायचं, ते नॉरअॅड्रिनॅलिनचं उरलंसुरलं सामान असं समजलं जायचं. १९७३ मध्ये पॅरिसच्या आन-मारी थिएरी आणि जाक ग्लोविन्स्की यांच्या गटानं उंदरांमधले नॉरअॅड्रिनॅलिनचे धागेच नष्ट केले. तरी कॉर्टेक्समध्ये डोपामिन शिल्लक राहिलं. म्हणजे त्याची स्वतंत्र ये-जा तिथे होती.

हे धागे येतात मध्यमेंदूतून, ढोबळमानानं दोन कानांच्या मधल्या, खोलवरच्या भागातून. डोपामिन बनवणाऱ्या पेशी माणसाच्या मध्यमेंदूत मोजून चार ते सहा लाख. साऱ्या मेंदूतल्या पेशी सुमारे ८,६०० कोटी. त्यांच्यापुढे ही संख्या नगण्य म्हणावी, पण एकेका पेशीचा धागा इतका फांद्या फोडत जातो की हजारो-लाखो जोडांपर्यंत त्याचं रसायन पोचतं. शिवाय ते एखाद्या निरोपासारखं इकडून तिकडे 'उठ' किंवा 'थांब' सांगत नाही. ज्या पेशीवर पडतं ती इतरांचे निरोप किती मनावर घेणार, ते बदलतं. परिणामही क्षणात संपत नाही, रेंगाळतो.

कॉर्टेक्समधल्या या डोपामिनचा उपयोग काय, हे पहिल्यांदा स्पष्ट झालं १९७९ मध्ये. थॉमस ब्रोझोस्की, पॅट्रिशिया गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी रेसस माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका छोट्या भागातलं डोपामिन एका विषारी रसायनानं संपवलं. कॉर्टेक्स शाबूत, फक्त डोपामिन गायब. माकडासमोर दोन खळगे. एकदा डाव्यात खाऊ, मग मधे पडदा, पुढच्या वेळी उजव्यात. म्हणजे मागच्या वेळी कुठे मिळाला होता ते पडदा असेपर्यंत लक्षात ठेवायचं. ही माकडं जवळजवळ तितकीच चुकू लागली, जितकी तो भाग कापून टाकलेली माकडं चुकतात. डोळ्यांना दिसणारा फरक ओळखायच्या कामात मात्र ती ठीक होती. आणि एल-डोपा दिलं की चुका कमी झाल्या. रसायनाच्या एका थेंबाअभावी मेंदूचा तुकडा असून नसल्यासारखा होतो, हे इतक्या नेमकेपणानं त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

पॅट्रिशिया गोल्डमन, पुढे गोल्डमन-राकिच, या बाईंबद्दल मला फार आदर आहे. मी शिकत होते तेव्हा आमच्या पाठ्यपुस्तकांत फ्रंटल लोब म्हणजे व्यक्तिमत्त्व, विचार वगैरे अशी एक मोघम ओळ असायची आणि पान उलटायचं. या बाईंनी त्या मोघमपणात इलेक्ट्रोड घातला. येल विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग बसवला, तो मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढायचे, इतका तो स्वच्छ आहे.

माकड पडद्यासमोर बसलंय. पडद्याच्या मध्यावर एक ठिपका, त्यावर नजर खिळवायची. भोवताली वर्तुळावर आठ जागा. त्यातल्या एका जागी, समजा डावीकडे, अर्धा सेकंद एक चौकोन चमकतो आणि विझतो. आता तीन सेकंद पडद्यावर मधल्या ठिपक्याखेरीज काहीही नाही. माकडानं हलायचं नाही. मग मधला ठिपका विझतो, आणि माकडानं जिथे चौकोन दिसला होता तिथे नजर टाकायची. बरोबर आलं तर रसाचा घोट. खरी गंमत आहे त्या मधल्या तीन सेकंदांत. बाहेर काहीच नाही, जे आहे ते आत. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या एका पेशीपाशी केसाहून बारीक तार घातली, तर ती पेशी नेमकी या रिकाम्या वेळात झपाट्यानं ठिणग्या सोडायला लागते, तेही चौकोन डावीकडे दिसला असेल तरच. शेजारची एखादी पेशी वरच्या जागेची, आणखी एक उजवीकडची. आणि डावीकडच्या पेशीचा जोर मधेच ओसरला, तर माकड बहुधा चुकतं. समोर नसलेली गोष्ट मनात धरणं म्हणजे नेमकं काय, ते इथे एका पेशीच्या टकटकीत ऐकू येतं.

ही टकटक टिकते कशी? डावीकडची आवड असलेल्या पेशी एकमेकींना धरून असतात. एक दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला, तिसरी पुन्हा पहिलीला. बाहेरून काहीही न येता आपसातच हा फेरा चालू राहतो. पण त्यात अडचणीही भरपूर. इतर दिशांच्या पेशीही अधूनमधून कुरबुरत असतात, आणि त्यांची गडबड या फेऱ्यात शिरली की डावं-उजवं एक होतं.

डोपामिन इथे येतं. पेशीच्या फांद्यांवर काट्यांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, एकेका उंचवट्यावर एकेका शेजारणीचा निरोप पोचतो. डोपामिनची पाच प्रकारची ग्राहकं म्हणजे रिसेप्टर आहेत. त्यातलं डी-१ इथे सर्वांत महत्त्वाचं, आणि ते या उंचवट्यांवर बसलेलं असतं. १९९१ साली तोशियुकी सावागुची आणि गोल्डमन-राकिच यांनी हे डी-१ बंद करणारं औषध माकडाच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये अगदी थोडं सोडलं. लक्षात ठेवून नजर टाकायच्या कामात माकड चुकू लागलं, मधला रिकामा वेळ जितका लांब तितकं अधिक. चौकोन पडद्यावर दिसत असताना नजर टाकायची असली तर काही बिघडत नव्हतं. डोळे ठीक, हालचाल ठीक, फक्त धरून ठेवणं गेलं.

इथवर कुणीही म्हणेल, मग डोपामिन वाढवा, काम वाढेल. १९९५ मध्ये ग्रॅहॅम विल्यम्स आणि गोल्डमन-राकिच यांनी तेच बंद करणारं औषध आणखी कमी मात्रेत थेट एका पेशीपाशी सोडलं, आणि पेशीची स्मृतीची टकटक उलट वाढली. मात्रा वाढवली तेव्हा ती बंद पडली. म्हणजे डी-१ थोडं दाबलं तर सुधारणा, फार दाबलं तर विचका.

या कोड्याचा दुसरा अर्धा भाग २००७ मध्ये आला. सुशील विजयराघवन, एमी आर्न्स्टन आणि त्यांच्या येलमधल्या सहकाऱ्यांनी डी-१ ला चेतवणारं औषध वापरलं. थोडं दिल्यावर पेशीची आपल्या आवडत्या दिशेची टकटक तशीच राहिली, पण नावडत्या दिशांची कुरबुर खाली गेली. त्यामुळे पेशी अधिक ठामपणे 'डावीकडे' म्हणू लागली. अधिक दिलं तेव्हा आवडती-नावडती सगळीच टकटक विझली. मी हे वर्गात शिकवताना टेबलावर पट्टी आपटून दाखवायचे. वर्गात कुजबुज चाललीय, एक मुलगा उभा राहून उत्तर देतोय. पट्टी बेतानं आपटली की कुजबुज थांबते आणि त्याचं उत्तर ऐकू येतं. धाडकन आपटली की तोही गप्प होऊन बसतो.

पेशीच्या आत होतं ते असं. डी-१ चेतलं की सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो, आणि तो उंचवट्यावरच्या काही आयन-वाहिन्या उघडतो. वाहिनी उघडली की त्या उंचवट्यावर आलेला निरोप पेशीच्या धडापर्यंत न पोचता वाटेतच गळून जातो. डोपामिन बेताचं असलं तर ही गळती नको त्या निरोपांची. डोपामिनचा लोंढा आला तर कामाच्या निरोपांचीही. पेशी मरत नाहीत, जोड तुटत नाहीत, तासाभरानं सगळं पूर्ववत. फक्त त्या वेळेपुरतं जाळं सुटं होतं.

व्हायवाच्या खोलीत हेच घडतं. ताण आला की मध्यमेंदूतून कपाळामागे डोपामिनचा पुरवठा झपाट्यानं वाढतो. हे उंदरांत मोजलेलं आहे. आर्न्स्टन आणि गोल्डमन-राकिच यांनी १९९८ मध्ये माकडांना कान किटवणाऱ्या आवाजात लक्षात ठेवायचं काम दिलं, ती चुकू लागली. आधी डोपामिनला अडवणारं औषध दिलेलं असेल तर आवाजाचा परिणाम होईना. नॉरअॅड्रिनॅलिनचाही यात हात असतो. ताणात तेही उसळतं आणि आपल्या वेगळ्या ग्राहकांमार्फत हेच जाळं ढिलं करतं. एकट्या डोपामिनच्या माथी सगळं मारणं बरं नाही. (गणपतीच्या दिवसांत भिंतीला लागून डीजे, आणि आत दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं, असं दिसलं की मला त्या माकडांची आठवण होते. पण मंडळाच्या पोरांना हे सांगायला कोण जाणार!)

हात का चालू राहिले, तेही यातच आहे. ताणात कपाळामागचा मेंदू मागे सरला की कारभार जुन्या, सवयीच्या भागांकडे जातो. शंभरदा केलेलं बीपीचं काम स्ट्रायटमनं आपल्या ताब्यात घेतलेलं असतं, आणि त्याला ताणाचं तितकं वावडं नसतं. जंगलात हे सोयीचं असावं. वाघ समोर उभा असताना पर्यायांची चर्चा करत बसण्यापेक्षा पाय हलणं बरं. व्हायवात वाघ नसतो, फक्त माझ्यासारखी एखादी चष्मेवाली असते, पण मध्यमेंदूला तो फरक कळत नाही.

म्हणूनच परीक्षेआधी घेण्याच्या गोळीबद्दल मुलं विचारतात तेव्हा मला काळजी वाटते. "मॅडम, सीनियर म्हणतात एका गोळीनं रात्रभर फोकस राहतो." ते म्हणतात ती गोळी बहुधा मिथाइलफेनिडेटची असते. एडीएचडीच्या मुलांना डॉक्टर ती देतात, आणि कमी मात्रेत ती मुख्यतः कपाळामागेच डोपामिन-नॉरअॅड्रिनॅलिन वाढवते. ज्याच्याकडे ते कमी पडतंय त्याला त्यानं खरोखर फायदा होतो, ते औषध वाईट नाहीच. पण जो आधीच भीतीनं काठोकाठ भरलाय, त्यात आणखी ओतलं तर काय होणार?

याचा एक सुंदर पुरावा माणसांतच मिळाला. स्ट्रायटममध्ये सांडलेलं डोपामिन परत खेचून घेणारे पंप भरपूर असतात. कॉर्टेक्समध्ये ते फार विरळ. तिथे झाडलोट करायची ती बरीचशी सीओएमटी या एन्झाइमनं. या एन्झाइमच्या जनुकाचे दोन नमुने लोकांत सर्रास आढळतात, एकात एन्झाइम चपळ, दुसऱ्यात त्याहून तीन-चार पटींनी आळशी. चपळ एन्झाइमवाल्यांच्या कपाळामागे डोपामिन टिकत नाही, आळशीवाल्यांच्या टिकतं. २००३ मध्ये अमेरिकेत व्यंकट मट्टाय, डॅनियल वाइनबर्गर यांच्या गटानं दोन्ही प्रकारच्या निरोगी लोकांना अॅम्फेटामिनची थोडी मात्रा दिली, जिनं डोपामिन वाढतं. चपळवाल्यांच्या कपाळामागचा मेंदू काटकसरीनं काम करू लागला. आळशीवाल्यांना काम सोपं असेतोवर काही झालं नाही, पण अवघड झाल्यावर त्यांची कामगिरी ढासळली. एकच औषध, तेवढीच मात्रा, आणि एकाला चढ तर दुसऱ्याला उतार, कारण दोघे सुरुवातीलाच वेगवेगळ्या ठिकाणी उभे होते.

यावरून लगेच थुंकीचा नमुना पाठवून स्वतःचं सीओएमटी तपासायला धावू नये. पुढे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या एका जनुकाचा रोजच्या बुद्धीवरचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. 'तुम्ही लढवय्ये आहात की काळजी करणारे' असे अहवाल विकणाऱ्यांचा धंदा त्यानं थांबलेला नाही, ती गोष्ट निराळी. मला त्या प्रयोगातून घेण्यासारखं वाटतं ते इतकंच की डोपामिनची योग्य मात्रा हा कोष्टकात छापायचा आकडा नाही.

आणि माणसामाणसांत ती वेगळी असते, इतक्यावरही भागत नाही. एकाच मेंदूच्या दोन भागांना ती वेगवेगळी लागू शकते. हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं, पण ते प्रत्यक्ष पाहिलं आमच्या घरात.

माझे धाकटे दीर हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. रिक्षाचे सुटे पैसेही रात्री वहीत लिहिणारा माणूस. त्यांना पार्किन्सन्स झाला. उजवा हात थरथरायचा, अक्षर मुंगीएवढं झालं. त्यांच्या डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल सुरू केलं, हे डोपामिनची नक्कल करणारं औषध. अक्षर सुधारलं, चालणं सुधारलं, घरात आनंद झाला. काही महिन्यांनी जाऊबाईंचा फोन. "ताई, हे रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोनवर रमी खेळतात हो. आणि दारात रोज पार्सलं. परवा दुसरा मिक्सर आला." मी भेटायला गेले तर भाऊजी अगदी मजेत. "वहिनी, हरलो म्हणून काय झालं, येतील की परत." हिशेबनीस माणूस बोलत होता हे!

या दुष्परिणामाबद्दल डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, २०१० मध्ये, जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं आवाक्याबाहेर गेलेले लोक १३.६ टक्के निघाले. भाऊजींच्या औषधाच्या वर्गातली औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. कारण बरंचसं असं मानलं जातं: पार्किन्सन्सच्या सुरुवातीला डोपामिन संपतं ते स्ट्रायटमच्या वरच्या, हालचालींच्या भागातलं. खालच्या भागातलं, जो बक्षीस आणि नुकसान तोलतो आणि कपाळामागच्या मेंदूशी सतत बोलत असतो, ते बऱ्यापैकी शिल्लक असतं. वरच्याला पुरेल इतकं औषध दिलं की खालच्याला ते अति होतं. केंब्रिजमध्ये रोशन कूल्स आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या गटानं २००१ मध्ये हेच दाखवलं. औषध घेतलेल्या रुग्णांना एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवणं सोपं जायचं, पण जिंकवणारा पत्ता हरवणारा झाला की तो सोडून देणं अवघड.

हरण्यातून शिकायला डोपामिन क्षणभर खाली जावं लागतं. अपेक्षित बक्षीस आलं नाही की मध्यमेंदूच्या डोपामिन-पेशी क्षणभर गप्प होतात, हे वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांत दाखवलेलं आहे. तो खड्डा हाच 'पुन्हा असं करू नकोस' हा निरोप. औषध चोवीस तास ग्राहकांना चिकटून बसलं की पेशी गप्प झाल्या तरी पुढे खड्डा पडत नाही. २००४ मध्ये मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा पार्किन्सन्सचे रुग्ण औषध घेतलेलं असताना बक्षिसातून चांगलं शिकत होते, आणि औषध न घेता नुकसानातून. भाऊजींना रमीत जिंकलेला डाव लख्ख आठवायचा. हरलेले डाव जणू झालेच नव्हते.

डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल हळूहळू उतरवलं आणि लेव्होडोपा वाढवलं. प्रामिपेक्सोल एकदम बंद करायचं नसतं, त्यानं चिंता, घाम, उदासी असे वेगळेच त्रास सुरू होतात. काही आठवड्यांत पार्सलं थांबली, रमीचं अॅप भाऊजींनी आपणहून काढून टाकलं. हात मात्र पूर्वीपेक्षा थोडा जास्त थरथरतो. तो सौदा त्यांनी हिशेबानं पत्करलाय.

आता दर तीन महिन्यांच्या भेटीत डॉक्टर चालणं, उठणं, गिळणं याबद्दल भाऊजींना विचारतात. पैसे, खरेदी आणि रात्रीच्या जागरणाबद्दलचे प्रश्न जाऊबाईंना, तेही भाऊजींना बाहेर वजन करायला पाठवून, कारण वाढलेल्या मात्रेची पहिली खबर घरच्यांना लागते, पेशंटला सगळं छानच वाटत असतं.